तळघरातली चूल

आमच्या फोंड्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा २० अंशांच्या आसपास आला की शेजारपाजारचे म्हातारे कानटोप्या बाहेर काढतात आणि "यंदा थंडी बरीच पडली हां" असं एकमेकांना सांगतात. त्यात मीही आलो. म्हणून २०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघं लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात, टोरोंटोला चिकटून असलेल्या मिसिसागा शहरात पोचलो आणि जावयाने भिंतीवरचा थर्मोस्टॅट दाखवून "बाबा, घरात कायम २१ अंश असतात, काळजी नको" असं सांगितलं, तेव्हा मला हायसं वाटलं. बाहेर उणे बारा असेल तर असू दे. आत आमच्या फोंड्याचीच पहाट होती.

निदान आकड्यापुरती तरी!

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. आकड्यावर विश्वास ठेवायची सवय जुनी आहे. ही मात्र आकडा बघत नाही, हात लावून बघते. पेज शिजली की नाही हे ती वाफेच्या वासावरून सांगते. त्या घरात आमच्या दोघांच्या या सवयी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, आणि मधल्या मधे लेकीचं मन दुखावलं. त्याचीच ही गोष्ट.

आधी तिथली व्यवस्था सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तिकडे बहुतेक घरांत तळघरात एक फर्नेस असते. आपल्या गोदरेजच्या कपाटाएवढी लोखंडी पेटी. तिच्यात नळाने येणारा नैसर्गिक वायू जळतो. जळालेला धूर वेगळ्या नळीने घराबाहेर जातो. घरातली हवा त्या ज्वाळांना शिवतसुद्धा नाही. ती हीट एक्स्चेंजर नावाच्या बंद धातूच्या नळ्यांवरून पंख्याने ढकलली जाते, तापते आणि पत्र्याच्या बोगद्यांतून प्रत्येक खोलीच्या जमिनीतल्या जाळीपर्यंत येते. थर्मोस्टॅटला थंडी वाजली की तो फर्नेसला हाक मारतो, समाधान झालं की "पुरे" म्हणतो. थोडक्यात, सगळ्या घराला मिळून एकच चूल, आणि ती पेटवणारा-विझवणारा भिंतीवरचा एक डबा.

लेकीच्या घरातली फर्नेस पंचवीसेक वर्षांची, घराबरोबरच आलेली. तिला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. पूर्ण पेटणं आणि पूर्ण विझणं. पेटली की तळघरातून धडाड असा आवाज यायचा, जाळीतून गरम वाऱ्याचा लोट सुटायचा, आणि आठ-दहा मिनिटांत सगळं गप्प. मग बराच वेळ काहीच नाही.

आमची खोली वरच्या मजल्यावर, गॅरेजच्या डोक्यावर. दोन बाजूंना बाहेरच्या भिंती, खाली गाडीची न तापवलेली खोली. फर्नेसपासून सगळ्यांत लांबची जाळी आमची. बाळाची खोली मात्र तळघरातून वर येणाऱ्या मुख्य बोगद्याला लागून. थर्मोस्टॅट खाली जिन्याजवळ. त्याला लवकर ऊब लागायची आणि तो "पुरे" म्हणायचा. तोवर बाळाच्या खोलीत उकडायला लागलेलं असायचं आणि आमच्या खोलीत ऊब नुकती कुठे दारापाशी आलेली असायची.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तीन वाजता मला जाग आली. ही बिछान्यात नव्हती. बघतो तर खिडकीखालच्या जाळीपाशी जमिनीवर बसलेली. अंगावर शाल, शालीवर माझा कोट, पाय जाळीवर. फर्नेस बंद होती.

"काय करतेस?"

"वाट बघते."

"कसली?"

"वाऱ्याची. येतो तेव्हा अंगावर येतो, जातो तेव्हा पाठ फिरवून जातो. मेल्याला मधलं काही येतच नाही."

मी उठून दिवा लावला. तिची गुडघेदुखी मला ठाऊक होती, पण ती रोज रात्री अशी उठून बसत होती हे ठाऊक नव्हतं. "लेकीला सांगितलं का नाहीस?" असं विचारलं तर म्हणाली, "लेकीच्या घरात जाऊन तक्रार करायची? गॅसचं बिल ती भरते. आणि मी सांगितलं की ती आकडा वाढवणार, मग बाळ घामाने भिजणार." मग थोडं थांबून म्हणाली, "तिकीट अलीकडचं मिळतं का बघा. फेब्रुवारीत जाऊया."

तिकडे लेकीच्या मनात वेगळंच चाललेलं. आई दिवसभर शाल लपेटून गप्प बसते, हसत नाही, बाळाला न्हाऊ घातलं की लगेच खोलीत जाते. म्हणजे आईला इथे आवडत नाही, आपलं काहीतरी चुकतंय. एकदा तिने विचारलंही. हिने उत्तर दिलं, "हांव बरी आसां गो." आपल्याकडच्या बायकांच्या तोंडचं हे वाक्य किती फसवं असतं ते काय सांगायचं! आणि नुकती बाळंत झालेली मुलगी. तिचं रडू कुठल्याही क्षणी येतं. एका संध्याकाळी आलंच.

दुसऱ्या दिवशी मी एक छोटा तापमापक विकत आणला आणि मास्तराच्या सवयीने वही केली. एका रात्रीत आमच्या खोलीचा पारा १७.५ ते २०.५ असा वरखाली होत होता. बाळाच्या खोलीत २४. आणि जिन्याजवळचा डबा सज्जनपणे सांगत होता, २१.

पण हेही पूर्ण उत्तर नव्हतं. खोली २०.५ वर असतानाही हिला थंडी वाजायची, आणि फोंड्यात २० अंशांत ही पहाटे अंगण सारवायची. असं का? पी. ओ. फँगर या डेन्मार्कच्या संशोधकाने १९७० साली या विषयावर पुस्तक लिहिलं. माणसाला ऊब वाटणं हे हवेच्या तापमानासकट सहा गोष्टींवर ठरतं, असं त्याने मांडलं. हवेचं तापमान, आजूबाजूच्या भिंती-खिडक्यांचं तापमान, हवेचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेली हालचाल. थर्मोस्टॅट यातली फक्त पहिली गोष्ट मोजतो. फोंड्याच्या घरात २० अंश असतात तेव्हा चिऱ्याच्या भिंतींनी आदल्या दिवसाचं ऊन अजून पोटात धरलेलं असतं, हवा दमट असते आणि ही हातात केरसुणी घेऊन फिरत असते. मिसिसागाच्या त्या खोलीत हवा २० अंश झाली तरी खिडकीची काच आणि खालची जमीन गार होती, आणि ती आपल्या अंगातली ऊब ओढून घेत होती. फर्नेस थोडाच वेळ चालून बंद पडली की हवा गरम होते, भिंती-जमीन तेवढी तापत नाहीत. मग ऊब येते तशी जाते. त्यातून सत्तरीला आलेलं, एका जागी बसलेलं शरीर.

हिचं "मधलं काही येतच नाही" हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं.

आपल्या जुन्या घरांत न्हाणीत भाण असायचं, आठवतं ना? तांब्याचं ते पोटाळ भांडं, खाली चूल. लहानपणी भाणाखाली जाळ घालायचं काम माझ्याकडे होतं. मी आळशी. सुकी चुडतं भराभर कोंबायचो. जाळ छपरापर्यंत, पाणी वरच्यावर कढत, पाच मिनिटांत राख. आई ओरडायची, "चुडतं पेटवायला घे, तापवायला ओंडका घाल." ओंडका धुमसत राहायचा आणि घरातली आठ माणसं एकामागून एक त्याच पाण्याने न्हायची. लेकीच्या तळघरातली ती फर्नेस म्हणजे चुडतांचा जाळ होता.

आणि मग तीच बंद पडली! जानेवारी संपता संपता ती मधेच विझायला लागली, म्हणून गॅसच्या माणसाला बोलावलं. त्याने आत कॅमेरा घालून पाहिलं आणि हीट एक्स्चेंजरला गेलेली चीर दाखवली. अशा चिरेतून जळालेल्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड घरातल्या हवेत मिसळू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने तिथल्या तिथे गॅस बंद केला आणि फर्नेसला लाल टॅग लावला. लाल टॅग लागला म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय ती पेटवायची नाही. बाहेर उणे चौदा. घरात तीन आठवड्यांचं बाळ.

जावयाने विजेचे हीटर आणले. एक हीटर १५०० वॉटचा, म्हणजे तिकडच्या भाषेत तासाला सुमारे ५,१०० बीटीयू. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते ती उष्णता म्हणजे एक बीटीयू. घराला कडाक्याच्या थंडीत लागत होते चाळीसेक हजार. म्हणजे आठ हीटर हवेत, आणि एका सर्किटवर दोन लावले की फ्यूज उडणार. मग आम्ही सगळे एका खोलीत आलो. ही म्हणाली, "एक शेगडी असती तर... बाळंतिणीला शेक हवा, जाळ नको." जावई घाबरून उठलाच, "आई, घरात कोळसा पेटवायचा नाही हां!" त्याचं बरोबर होतं. बंद घरात शेगडी म्हणजे तोच कार्बन मोनॉक्साइड. आपल्या कौलारू घरांना फटी होत्या म्हणून आपण वाचलो.

त्या दोन रात्री पाच जण एकाच खोलीत झोपलो. पहिल्या रात्री गप्पा मारता मारता मीच बोलून गेलो की तुझी आई तीन आठवडे जाळीपाशी बसून रात्री काढतेय. हिने मला डोळ्यांनी दटावलं, पण उशीर झाला होता. लेक काही वेळ काहीच बोलली नाही. मग आईचे पाय आपल्या दुलईत ओढून घेतले आणि म्हणाली, "मला वाटलं तुला माझा राग आलाय." ही म्हणाली, "राग कसला? पाय गार होते."

नव्या फर्नेससाठी तीन माणसं येऊन गेली. पहिल्या दोघांनी जुन्या पेटीवरची पाटी वाचली, "एक लाख बीटीयू आहे, तेवढीच घालू" म्हणाले आणि किंमत सांगून गेले. जावयाला तर त्याहून मोठी हवी होती. खोली गार म्हणजे फर्नेस लहान, असं त्याचं गणित. तिसरा माणूस टेप घेऊन दोन तास घर मोजत बसला. खिडक्या किती, भिंती कशा, माळ्यावर कापूस किती जाड. त्याचं उत्तर आलं ते ऐकून जावई चक्रावला. तुमची फर्नेस लहान नव्हती, जवळजवळ दुप्पट मोठी होती!

त्याचं म्हणणं माझ्या वहीत आहे. टोरोंटोच्या परिसरात उणे १८ अंश धरून हिशेब करतात. जानेवारीत त्याहून थंड असे तास शंभरात दोन-अडीचच. त्या थंडीत आत २१ ठेवायला या घराला तासाला ४२,००० बीटीयू पुरतात. जुनी फर्नेस एक लाखाचा गॅस जाळून ८० हजार घरात देत होती. बाहेर शून्य अंश असताना तर लागतात साडेबावीस हजारच. म्हणजे ती तासातली १७ मिनिटं चालणार, ४३ मिनिटं झोपणार. बरं, हिवाळ्यातले बहुतेक दिवस असे शून्याच्या आगेमागेच असतात. सगळ्यांत वाईट रात्रीसाठी घेतलेली चूल बाकीचे सगळे दिवस उसळते आणि विझते.

त्याने सुचवलेली फर्नेस ६०,००० ची, शंभरातले ९६ भाग घरात देणारी, आणि दोन टप्प्यांची. पहिला टप्पा मंद, पूर्ण ताकदीच्या सुमारे ६५ टक्के. तेवढ्याने भागलं नाही तरच दुसरा, पूर्ण. मी हिशेब करून पाहिला. मंद टप्प्यावर ती ३७ हजारांच्या वर देते. म्हणजे बाहेर उणे तेरापर्यंत मंद आचेवरच भागायला हवं. शून्य अंशाला ती तासातली ३६ मिनिटं चालेल, उणे दहाला जवळजवळ ५४. पंखाही त्या वेळी हळू फिरतो, म्हणून आवाज कमी. ऊब हळू येते, पण जिन्याजवळच्या डब्याने "पुरे" म्हणण्याआधी लांबच्या खोलीपर्यंत पोचायला तिला वेळ मिळतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं श्रेय टप्प्यांचं नाही. एकाच टप्प्याची पण योग्य मापाची फर्नेस घेतली असती तरी शून्य अंशाला १७ ऐवजी २३-२४ मिनिटं चालली असती. तिथून ३६ पर्यंतची मजल दुसऱ्या टप्प्याची. आणि गॅसची मोठी बचत झाली ती ८० वरून ९६ टक्क्यांवर गेल्यामुळे. टप्पे विकत घ्यायचे ते सुखासाठी, बिलासाठी नव्हे. कॅनडात जुलै २०१९ पासून बनणाऱ्या घरगुती गॅस फर्नेसना ९५ टक्के ही किमान अट आहे, तेव्हा ती बचत तशीही मिळतेच. याहून महाग अशा, ज्वाळा अगदी थोड्या थोड्या प्रमाणात कमीजास्त करणाऱ्या फर्नेसही मिळतात. त्यांना मॉड्युलेटिंग म्हणतात. जावयाने खिसा चाचपला आणि दोन टप्प्यांवर समाधान मानलं.

फर्नेस बसली. पहिल्या रात्री मी वही घेऊन बसलो, आणि काय? दहा-बारा मिनिटं मंद चालायची आणि मग बाहेर जेमतेम उणे दोन असताना धडाड करून पूर्ण पेटायची. ही म्हणाली, "नवी सून चार दिवस गोड बोलली." जावयाने माहितीपुस्तक उघडलं तेव्हा उलगडा झाला. बसवणाऱ्याने थर्मोस्टॅटपासून फर्नेसपर्यंत हाक मारायची एकच तार जोडली होती. एका तारेवर थर्मोस्टॅट फक्त "पेट" एवढंच सांगू शकतो, "हळू" की "जोरात" हे नाही. मग फर्नेस आपल्या घड्याळाने ठरवते. काही मिनिटांत काम झालं नाही, तर जोर लाव. भिंतीतल्या केबलमध्ये एक तार वापराविना पडून होती. माणूस परत आला, ती जोडली, थर्मोस्टॅटवर दोन टप्प्यांची खूण केली. पंधरा मिनिटांचं काम. ते झालं नसतं तर पैसे दोन टप्प्यांचे आणि ऊब एकाची!

त्यानंतरची पानं मी अजून जपून ठेवली आहेत. आमची खोली १९ ते २०. बाळाची २२. रात्री सगळं निजलेलं असताना जाळीतून येणारा वारा ऐकू येत नाही, हात धरला तर कळतो. जावयाला आधी शंकाच आली, "बाबा, हवा कोमटच येतेय, बिघडली का?" बिघडली नव्हती. कोमट हवा जास्त वेळ येत होती. रात्री १७ वर उतरवायची सवयही त्याने सोडली. पहाटे परत २१ वर चढवायला फर्नेसला पूर्ण टप्प्यावर धावावं लागायचं, मग मंद आचेचा फायदा तो काय?

सगळं सुटलं असं मात्र नाही. गॅरेजवरची जमीन गारच राहिली. तिला खालून कापूस भरायला हवा, ते फर्नेसचं काम नव्हे. आम्ही जाड गालिचा घातला. हवा कोरडी राहिली, ओठ फुटत राहिले. बाहेरची गोठलेली हवा आत येऊन तापली की कोरडीच लागते, चूल कुठलीही असो. फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर मात्र आता जास्त वेळ चालायला लागला, तेवढं बरं झालं.

तिकीट अलीकडचं केलं नाही. एप्रिलमध्ये रस्त्याकडेचं बर्फ विरघळेपर्यंत राहिलो. ही सकाळी बाळाला मांडीवर घेऊन त्याच खिडकीपाशी बसायची, पण खुर्चीवर. मार्चच्या एका दुपारी लेक खोलीत आली, आईशेजारी बसली आणि सहज विचारलं, "थंडी वाजते का गो?" ही म्हणाली, "थोडी." आणि लेकीने उठून दुसरी शाल आणली. माझ्या वहीत त्या दिवशीचा आकडा १९.५ आहे.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं आज टोरोंटोत, शिकागोत, न्यू जर्सीत आहेत, आणि बाळंतपणं काही हवामान बघून येत नाहीत. हिवाळ्यात जायचं असेल तर स्वेटर न्याच. मुलगा-मुलगी नवी फर्नेस घेणार असतील तर तीन गोष्टी विचारा. घर मोजलं का? दोन टप्प्यांची घेताय तर दुसरी तार जोडली का? आणि म्हाताऱ्या माणसांची खोली कुठली? मुख्य म्हणजे, थंडी वाजली तर सांगा. आमच्या हिने तीन आठवडे सांगितलं नाही, आणि तेवढे दिवस ती लेक आपलं काय चुकलं ते शोधत राहिली.

परवा फोन आला होता. तिकडे पुन्हा थंडी सुरू झाली आहे. हिने पहिला प्रश्न विचारला, "चूल मंद चालते ना गो?"